तोतारामभाऊंची लांब प्रार्थना

१

दुष्काळाच्या त्या दुसऱ्या वर्षी, सत्याऐंशीच्या मार्चात, दोंडाईच्यात पुष्कळांना उपाशी मरण्याची धास्ती होती. तोतारामभाऊ मात्र जेवून मेले.

बुधवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये त्यांनी शेवटचं ताट संपवलं. तासाभरात त्यांची जीभ कोरडी पडली, डोळ्यांच्या बाहुल्या फाकल्या आणि ते भिंतीवर नसलेली पाखरं हाकलायला लागले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जंग जंग पछाडलं, पण उजाडता उजाडता भाऊ गेले. पोटात धोत्र्याचं बी निघालं. ठेच्यात ते मिसळलं की मिरचीचं बी कोणतं आणि ते कोणतं, हे खाणाऱ्याला कळत नाही.

फौजदार आले. चुलीपाशी घासून पालथं घातलेलं पातेलं त्यांनी पाहिलं आणि मदिनाला जीपमध्ये बसवलं. मदिना म्हणजे चर्चच्या बुधवारच्या जेवणाची आचारीण. पातेलं तिनेच घासलं होतं, आणि तिचा मुलगा असलम मागच्याच आठवड्यात सरपणाच्या गाडीवरून भाऊंशी हमरीतुमरीवर आला होता. फौजदारांना एवढं पुरलं. गावाला याहून कमीही पुरलं असतं.

मातीच्या वेळी चर्चचे पाळकसाहेब क्षमेवर बोलले. तरुण माणूस, चांगलं बोलले, दोन-चार बायकांनी पदर डोळ्यांना लावला. भाऊंची बायको बेबाबाई तेवढी कोरड्या डोळ्यांनी उभी होती. तिला क्षमा नको होती, माणूस हवं होतं. ज्याने हे केलं त्याला असं काही द्यायचं की त्याने मरण मागावं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. खड्ड्यात मूठभर माती टाकताना तिने तसं मनातल्या मनात कबूलही करून टाकलं, आणि तेही देवासमोर.

पण ते माणूस मदिना नव्हे, हे तिला ठाऊक होतं. एकटीलाच ठाऊक होतं.

२

त्या जेवणाची रीत आधी सांगायला हवी, कारण भाऊंचा जीव त्या रीतीनेच घेतला.

चर्चची मंडळी लहान, जेमतेम तीसेक घरं. कुणी शाळेत शिपाई, कुणी रेल्वेत गँगमन, बाकी मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवर देठं खुडणाऱ्या बाया. एक रुपचंद टिंबर मार्टवाला सोडला तर बऱ्या स्थितीतलं कुणी नाही. तरी भाऊंनी एक खूळ काढलं. प्रत्येक घरात चुलीपाशी एक मडकं ठेवायचं आणि रांधण्याआधी त्यात एक मूठ धान्य टाकायचं. रविवारी मडकी चर्चमध्ये रिकामी व्हायची आणि बुधवारी त्याची खिचडी व्हायची. दवाखान्यात पडलेल्यांचे नातलग, खडी फोडायच्या कामावरचे मजूर, स्टेशनवरचे म्हातारे, जो येईल तो जेवायचा. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी हारुन मिरचीवाल्याच्या घरून मूठ यायला लागली, मग कुणबीवाड्यातून. कुणी कुणाच्या देवाची चौकशी केली नाही.

वाढायचा क्रम ठरलेला होता. आधी पाहुणे, मग पोरंबाळं, मग मंडळीतल्या बाया, मग पुरुष, आणि सगळ्यात शेवटी, तळाला जे उरेल ते, स्वतः तोतारामभाऊ. खाण्याआधी ते पुन्हा एकदा उभे राहून उपकारस्तुती करायचे. त्यांची प्रार्थना हा गावात चेष्टेचा विषय होता. ते उभे राहिले की दवाखान्यातल्या खाटा, खडीवरचे मुकादम, आटलेल्या विहिरी, दिल्लीचं सरकार असं सगळं एकेक करून देवापुढे यायचं. त्या वेळात लंगडा माणूस शिंदखेड्याला जाऊन परत आला असता, असं रुपचंदच म्हणायचा. आणि भिंतीवर खडूने भाऊंनी लिहून ठेवलं होतं, ताटात आलेलं टाकायचं नाही. दुष्काळात हा नियम कुणाला जाचला नाही. भाऊ तर ताट पुसून खायचे.

त्या बुधवारी बेबाबाईने स्वतः तळाची खिचडी दोन वाटे करून काढली होती. एक भाऊंच्या ताटात, दुसरा मदिनाच्या डब्यात. मदिनाचा नातू तापातून उठला होता, त्याला भूक धरवत नव्हती. तिने डबा फाटकाशी उभ्या असलेल्या असलमकडे दिला आणि पातेलं घेऊन बाहेर नळावर गेली.

बेबाबाई चौकीवर गेली तेव्हा मदिना कोठडीच्या गजांना धरून बसली होती. "भाभी," ती म्हणाली, "वही खिचडी मेरा पोता खाया. मैं क्या अपने हात से उसकू जहर देती?"

नातू ठणठणीत होता, बेबाबाई त्याला बघूनच आली होती. तिने हे फौजदारांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की बाई, तुम्ही दुःखात आहात, नातवाने काय खाल्लं हे तुम्ही पाहिलं का? पाहिलं नव्हतं. सोमवारी मदिनाला धुळ्याला कोर्टात उभं करणार होते. आणि सोमवारपर्यंत चर्चच्या चुलीला कुलूप होतं. रविवारी मडक्यांतून धान्य येणार नाही, हे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना दिसत होतं.

बेबाबाई रस्त्याला लागली तेव्हा एक गोष्ट पक्की झाली होती. विष पातेल्यात नव्हतं. ते भाऊंच्या ताटात होतं, आणि ताट तर तिने स्वतःच्या हाताने वाढलं होतं.

३

तिने वाढलं तेव्हा ताटात खिचडीशिवाय काही नव्हतं. भाऊंना मिरची सोसत नव्हती, त्यांच्या पोटात व्रण होता. ठेच्याचं भांडं तर पुरुषांच्या पंगतीतच पुसलं गेलं होतं. धोत्र्याचं बी लपणार ते ठेच्यातच, मग भाऊंनी ठेचा खाल्ला कुठून?

आठवलं तशी ती रस्त्यातच थांबली. प्रार्थना संपून ते जेवायला बसले तेव्हा खिचडीच्या कडेला ठेच्याचा लाल गोळा होता. तिने तो पाहिलाही होता. तिला वाटलं, ठेचा करणाऱ्या प्रमिलाने मायेपोटी वाढला असेल. भाऊंनीही तेच समजून, नियम आपलाच म्हणून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो खाल्ला. ते पाणी प्रार्थनेचं असावं असं तिला वाटलं होतं. या विचाराने तिने भर रस्त्यात स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

म्हणजे ठेचा प्रार्थनेच्या वेळात वाढला गेला. ताट टेबलावर उघडं, भाऊंचे डोळे मिटलेले, तिचे मिटलेले, सगळ्यांचे मिटलेले. नवऱ्याला हातभर अंतरावर कुणीतरी मारलं आणि ती तेव्हा भक्तिभावाने मान खाली घालून उभी होती.

पाहुणे तोवर निघून गेले होते. पाळकसाहेब त्या दिवशी नंदुरबारला होते. हॉलमध्ये उरली होती भाऊ आणि ती धरून पाच माणसं. तिने उरलेल्या तिघांना एकेक करून गाठलं.

रुपचंद मंडळीतला वडील, म्हणजे चर्चच्या कारभारातला पंच. हॉलचे गाळे काढून भाड्याने द्यावेत असं त्याचं म्हणणं होतं आणि भाऊ त्याला दाद देत नव्हते. मागच्या सभेत त्याने टेबलावर हात आपटून म्हटलं होतं की गावाला फुकट खाऊ घालून चर्चचं छप्पर गळायचं थांबत नाही. बेबाबाईने त्याला सरळ विचारलं. तो रागावला, मग रडवेला झाला. आपण खिडकीपाशी उभे होतो, तिथून हललो नाही, डोळे मिटलेले होते, शपथेवर सांगतो म्हणाला. तिला त्याचा संताप खोटा वाटला नाही. पण त्याचं खरं मानायलाही ती तयार नव्हती.

प्रमिलाबाई ठेचा करणारी. तेल घरी नेते असा संशय घेऊन भाऊंनी तिच्याकडून तेलाचा डबा काढून घेतला होता, आणि ते तिला लागलं होतं. ठेचा मी केला हे खरं, पण भांडं रिकामं झालं तसं मी घासून टाकलं, असं ती म्हणाली. आणि पुढे म्हणाली की बेबाताई, प्रार्थनेत तुम्ही माझा हात धरला होता, विसरलात का?

बेबाबाई विसरली नव्हती. त्यांच्यात बाया हात धरून प्रार्थना करतात. प्रमिलाचा घामेजलेला हात आमेनपर्यंत तिच्या हातात होता.

तिसरी भिकूअक्का. चर्चच्या मागच्या खोलीत राहायची, हॉल झाडायची, सगळ्यांची अक्का. गुडघे गेलेले, म्हणून प्रार्थनेत ती दाराच्या उंबऱ्याशी पाटावर बसायची. तिला ओलांडल्याशिवाय आत येणं कुणालाही शक्य नव्हतं. बेबाबाईने विचारलं, बाहेरून कुणी आलं होतं का?

"कोन्ही नही उनं, बेबा," भिकूअक्का म्हणाली. "मी दारमाच बशेल व्हती. देवशपथ."

बेबाबाईने शपथ खरी मानली.  बाहेरचं कुणी आलं नाही, म्हणजे ते आतल्यापैकीच कुणीतरी होतं.

४

शनिवारी भर दुपारी ती रिकाम्या हॉलमध्ये गेली. भाऊंच्या टेबलाशी, आपल्या नेहमीच्या जागी उभी राहिली आणि तिने डोळे मिटले.

जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते कानांनी ऐकलं होतं. तिच्या मंडळीत कुणी गप्प राहून प्रार्थना करत नाही. एक बोलतो आणि बाकीचे वाक्यावाक्याला साथ देतात. ज्याची त्याची साथ वेगळी, आणि वीस वर्षं त्याच त्या आवाजांत उभं राहिल्यावर कोण कुठे आहे हे सांगायला डोळे लागत नाहीत.

तिने भाऊंची ती प्रार्थना पहिल्यापासून मनात चालवली. दवाखान्याच्या खाटा. खिडकीकडून रुपचंदचा जाडाभरडा आवाज, होय प्रभू. शेजारून प्रमिलाचा हुंदका. दारातून भिकूअक्काचं, ऐक रे बाप. पुढे खडीवरचे मजूर. रुपचंद खिडकीपाशीच. प्रमिला शेजारी. ऐक रे बाप. मग आटलेल्या विहिरी. रुपचंद होता, प्रमिला होती. भिकूअक्का नव्हती.

दिल्लीच्या सरकारलाही ती नव्हती. ती नेहमी वाक्य संपायच्या आधीच साथ द्यायची, आणि त्या दिवशी अर्धी प्रार्थना ती गप्प होती. बेबाबाईला तेव्हाही ते जाणवलं होतं. म्हातारीचा डोळा लागला असेल, असं वाटून तिला जरा हसूही आलं होतं.

पण भाऊंची प्रार्थना फसवी होती. ते दोन-तीनदा शेवटाला आल्यासारखे थांबायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. डुलकी लागलेला माणूस दचकून हमखास पहिल्याच थांब्याला आमेन म्हणायचा आणि मग सगळे मिटल्या डोळ्यांनी हसायचे. त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं. खऱ्या शेवटाला भिकूअक्काचा आमेन बरोबर वेळेवर आला होता, दारातून, थोडा धापा टाकल्यासारखा.

ती झोपली नव्हती. गुडघे धरत, अनवाणी पायांनी ती टेबलापर्यंत आली होती आणि परत गेली होती. भाऊंच्या प्रार्थनेने तिला तेवढा वेळ दिला होता.

बेबाबाईने डोळे उघडले. ज्या बाईचं डोकं तिने स्वतः विंचरलं होतं, जिला ताप आला तर पेज करून नेली होती, तिच्या खोलीचं दार समोरच दिसत होतं.

५

असली गोष्ट फौजदारांपुढे उभी राहिली नसती. आमेन कुठून आला हे कोर्टात कोण लिहून घेणार? म्हणून बेबाबाईने घरी जाऊन पाट्यावर साध्या लाल मिरचीचा ठेचा वाटला, भाऊंच्या ताटात खिचडी घेतली, कडेला ठेच्याचा गोळा ठेवला आणि ताट घेऊन ती भिकूअक्काच्या खोलीत गेली. कालपासून जेवली नसशील म्हणाली. ताट पुढे सरकवलं.

भिकूअक्काने ताट ओळखलं. मग तिने ठेच्याकडे पाहिलं.

"भाऊस्ना ताटमा वाढेल शे," बेबाबाई म्हणाली. "अक्का, ताटमा उनं ते टाकानं नही."

म्हातारीचा हात पुढे झाला नाही.  बाहेर मिरच्यांच्या पथाऱ्यांवरून वारा आला, तसं दोघींच्या डोळ्यांत तिखट गेलं. शेवटी भिकूअक्काने बोटाने ताट मागे सारलं. गाव पातेल्याला दोष देत होतं, ठेच्याला भ्यायचं कारण फक्त तो वाढणाऱ्याला होतं, आणि तेवढ्याने बेबाबाईला हवं ते मिळालं.

"का?" तिने विचारलं.

भिकूअक्का बोलली ती शांतपणे, जणू कधीची वाट पाहत होती कुणी विचारण्याची. "मन्ही लता कशी गई, माहीत शे ना तुले?"

माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी, लग्न ठरलेलं असताना, अक्काची एकुलती एक पोर विहिरीत गेली. साऱ्या मंडळीने अक्काला सावरलं. घरोघरून डबे आले, ही खोली दिली, भाऊंनी पेटीला खांदा दिला. का गेली हे मंडळीबाहेर कुणी बोललं नाही.

"तिले दिवस गयेल व्हतात," भिकूअक्का म्हणाली. "कोन्हाले सांगू? तोतारामभाऊले सांगं. तो देवमाणूस. त्याले म्हनं, भाऊ, देवले सांग. त्यानी बठ्ठास्ले सांगं."

आणि बेबाबाईला ती प्रार्थना आठवली. रविवारची उपासना, मागच्या बाकावर लताच्या होणाऱ्या सासरचे दोघे पाहुणे, आणि भाऊ डोळे मिटून, गहिवरून देवाला विनवत होते की आमची लता अंधारात चाचपडते आहे, तिच्या पोटातल्या त्या निष्पाप जिवावर दया कर. मायेनेच बोलत होते. त्यांना गुपित आणि विनंती यांत फरक कळत नव्हता, त्यांच्यापैकी कुणालाच कळत नव्हता. सगळी मंडळी होय प्रभू म्हणाली होती. बेबाबाईही म्हणाली होती. पाहुणे आमेनच्या आधी उठून गेले. लता त्याच संध्याकाळी गेली.

"दोन वरीस मी त्याना हॉल झाडा," भिकूअक्का म्हणाली. "वाट दखी का हाऊ एक डाव तरी म्हनी, अक्का, मन्हं चुकनं. उलटं मन्हा लताकरता आजूनबी मोठ्यानी प्रार्थना करे. दर साल, नाव लिसन."

बेबाबाईला नवऱ्याची लाज वाटली, खरंच वाटली. पण ती लाज रागाखाली कुठे गेली हे तिचं तिलाच कळलं नाही. माणूस चुकला म्हणून त्याला पाखरं हाकलत मरायला लावायचं? त्याने दोन वर्षांत किती तोंडांत घास घातला होता, त्याचा काही हिशेब नाही? ती उठून दाराकडे वळली.

"मी जासु फौजदारकडे," मागून भिकूअक्का म्हणाली. "मदिनाना पोटले कसाले जाळू. मी सोता सांगसु, म्हातारीनं डोकं फिरनं म्हनी. पन बेबा, लतानं नाव काढू नको. तेवढं मन्हा पदरमा टाक."

बेबाबाई काही बोलली नाही. म्हातारीने तो होकार धरला.

६

भिकूअक्का स्वतःच्या पायांनी चौकीवर गेली आणि आपण केलं एवढंच सांगितलं. का, ते सांगितलं नाही. फौजदारांनी फार खोदलं नाही. मदिना सुटली. रविवारी मडकी आली, नेहमीपेक्षा भरलेली, आणि कुणबीवाड्यातून तर दोन पोती आली. बुधवारी चूल पेटली.

त्याच बुधवारी दुपारी, धुळ्याला नेण्याआधी, फौजदारांनी पंचनाम्यासाठी भिकूअक्काला हॉलपाशी आणलं. आवारात गर्दी होती. पंगतीला आलेले मजूर, दवाखान्यातली माणसं, हारुन मिरचीवाला, पथाऱ्यांवरच्या बाया, सारी मंडळी. मदिना चुलीपाशी पळी धरून उभी होती. जो तो शेजाऱ्याला विचारत होता, की या म्हातारीने असं का केलं? कुणी भानामती म्हणत होतं, कुणी वेड.

पाळकसाहेबांना राहवलं नाही. जीप सुटण्याआधी या बहिणीसाठी प्रार्थना करू, म्हणाले. आणि त्यांना आणखी एक सुंदर गोष्ट सुचली. ती प्रार्थना बेबाबाईने करावी, विधवेच्या तोंडून क्षमा ऐकली तर गावाला कळेल की ही मंडळी कशी आहे. ते तसं मोठ्याने बोललेही. फौजदारांनी टोपी काढली. मजुरांनी हात जोडले. सगळ्यांनी डोळे मिटले.

दोघींनी तेवढे मिटले नाहीत. जीपच्या मागच्या फळीवर बसलेली भिकूअक्का तिच्याकडे पाहत होती आणि बेबाबाई तिच्याकडे. म्हातारीच्या डोळ्यांत जेलची भीती नव्हती, फाशीचीही नव्हती. तिच्याकडून हिरावून घेण्यासारखी आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती कोणती हे फक्त बेबाबाईला ठाऊक होतं. मातीच्या दिवशी जे मागितलं होतं ते असं आयतं हातात आलं होतं.

"हे आमच्या बापा," बेबाबाईने सुरुवात केली, "आमची लता..."

"नको व, बेबा," भिकूअक्का म्हणाली. आवाज इतका बारीक होता की जीपच्या पलीकडे तो गेला नसावा.

बेबाबाईने आवाज चढवला. मदिनापर्यंत, फाटकापर्यंत, फाटकाबाहेर रस्त्यावर थांबलेल्या बैलगाडीवाल्यापर्यंत तो जाईल एवढा चढवला. तिने लताचं नाव घेतलं, पोटातल्या जिवाचं सांगितलं, सासरचे पाहुणे आणि विहीरही. मध्येमध्ये मंडळीकडून होय प्रभू येत होतं. ते आता कशाला होय म्हणत होते हे त्यांना हळूहळू उमगत होतं आणि आवाज कमी होत होते, पण ती थांबली नाही. फळीवर भिकूअक्का दुमडून पडली होती. शिपायाने डोळे उघडून तिला धरलं. बेबाबाईला ते दिसलं आणि तिला बरं वाटलं, गुरुवारपासून पहिल्यांदा बरं वाटलं.

मग तिने दम घेतला आणि उरलेलंही सांगितलं, भाऊंची ती प्रार्थना आणि अक्काने पदर पसरून मागितलेलं मौनही. काही म्हणता काही वगळलं नाही.